नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे दोन ग्रंथ आणि ईश्वरी न्याय व दया यांचा वाद

ईश्वर न्यायी असेल तर त्यानें पाप्यास दंड केलाच पाहिजे, आणि दयाळु असेल तर त्यास क्षमा केली पाहिजे. हे दोन्ही गुण ईश्वराच्या ठायीं पूर्णत्वानें नांदतात, त्यांपैकीं एकहि दुसऱ्यासाठीं कमी होत नाहीं, असें ख्रिस्ती धर्माचें प्रतिपादन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हा सिद्धांत संस्कृत भाषेंतून पंडितांपुढें मांडला गेला व त्यावर कडाक्याचा वाद झाला. या वादांत प्रथम पूर्वपक्षाकडून व नंतर सिद्धांतपक्षाकडून लिहिणारा पुरुष एकच होता, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ते म्हणजे नीळकंठशास्त्री गोऱ्हे. प्रस्तुत लेखांत त्यांच्या दोन ग्रंथांची या एका प्रश्नापुरती परीक्षा करावयाची आहे. त्यांच्या धर्मांतराचें मंडन किंवा खंडन हा या लेखाचा विषय नव्हे.

वादाचा आरंभ इ. स. १८३९ मध्यें झाला. कंपनी सरकारच्या नोकरींत असलेल्या जॉन म्यूर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्यानें त्या वर्षीं ‘मतपरीक्षा’ नांवाचा गुरुशिष्यसंवादात्मक श्लोकबद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत खऱ्या धर्माच्या कसोट्या सांगून ख्रिस्ती मत तेवढें त्यांस उतरतें असें प्रतिपादन होतें. त्यास त्याच वर्षीं सोमनाथ या नांवानें ‘मतपरीक्षाशिक्षा’ हें उत्तर निघालें. हे सोमनाथ म्हणजे सिहोर येथील महाराष्ट्रीय ज्योतिषी सुबाजी बापू होत, असें अभ्यासकांनीं ठरविलें आहे. पुढल्या वर्षीं बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांनीं आपलें उत्तर दिलें. तिसरें उत्तर काशीच्या एका विशींतल्या तरुणानें लिहिलें. तें ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ होय. त्याचा रचनाकाल १८४४–४५ हा असून, उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संस्थेच्या वतीनें कत्रे यांनीं तो १९५१ मध्यें संपादून छापला.

नीळकंठशास्त्र्यांचा जन्म १८२५ सालीं बुंदेलखंडांत एका चित्पावन कुटुंबांत झाला. त्यांचें अध्ययन काशीस झालें. तरुणपणीं त्यांनीं शिवोपासना सोडून विष्णुभक्ति धरली होती. काशींतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशीं वाद करावा व ख्रिस्ती मताचा पाडाव करावा, या हेतूनें त्यांनीं ख्रिस्ती शास्त्राचा अभ्यास आरंभिला. आणि १८४८ च्या मार्च महिन्यांत जौनपूर येथें त्यांनींच बाप्तिस्मा घेतला. पुढें १८६० मध्यें त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ निघाला व फिट्झएडवर्ड हॉल यांनीं १८६२ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. १८७० मध्यें त्यांस पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. १८९५ सालीं ते वारले.

आतां पहिल्या ग्रंथांतील आक्षेप पाहूं. न्याय व दया यांच्यापुरते त्यांचे तीन भाग पडतात. पहिला आक्षेप वैषम्याचा. एक मूल आंधळें जन्मतें, दुसरें राजवाड्यांत जन्मतें. ख्रिस्ती मताप्रमाणें पूर्वजन्म नाहीं व जीव नव्यानेंच निर्माण होतो. मग हा भेद कोणीं केला? ईश्वरानें, असें म्हटल्यास तो पक्षपाती ठरतो. हा आक्षेप नवा नव्हे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादांत वैषम्य व नैर्घृण्य या दोन दोषांची शंका घेऊन, ईश्वर जीवांच्या कर्माच्या अपेक्षेनें फळ देतो म्हणून तो निर्दोष आहे, असें समाधान केलें आहे. शास्त्रीबोवांनीं तेंच शस्त्र उलट फिरविलें. दुसरा आक्षेप प्रमाणाचा. मनुष्याचें पाप मर्यादित काळांत घडतें. त्यास अनंत नरक ही शिक्षा कोणत्या न्यायानें? कर्मसिद्धांतांत नरकहि भोगून संपतो. तिसरा आक्षेप प्रायश्चित्ताचा. ईश्वर दयाळु आहे तर त्यानें नुसती क्षमा करावी; न्यायी आहे तर ज्याचें पाप त्यालाच भोगावयास लावावें. निर्दोष ख्रिस्तानें दुसऱ्यांसाठीं मरावें, यांत न्यायहि नाहीं व दयाहि नाहीं.

हे आक्षेप बळकट आहेत. परंतु ते ज्या भूमीवर उभे आहेत तिची परीक्षा केली पाहिजे. या भूमीवर ईश्वर हा तराजू धरणारा आहे. जितकें कर्म तितकें फळ, यापलीकडे त्याला कर्तव्य उरत नाहीं. यांत त्याचा न्याय निष्कलंक राहतो हें खरें. परंतु ज्यानें केवळ मापून द्यावयाचें, त्यानें क्षमा कशाची करावी? वैषम्य व नैर्घृण्य यांपैकीं वैषम्याचा दोष पुरता धुतला जातो. नैर्घृण्याचा दोष मात्र नाहींसा होतो तो एवढ्याच अर्थानें कीं, ईश्वर निष्ठुर नाहीं. तो दयाळु आहे, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. निष्ठुरतेचा अभाव म्हणजे दया नव्हे.

‘षड्दर्शनदर्पणां’त नीळकंठशास्त्र्यांनीं याच दुर्बल जागेवर घाव घातला आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. केवलाद्वैताचें ब्रह्म निर्गुण असल्यामुळें त्याला पावित्र्य, न्याय, दया यांपैकीं कोणताच गुण परमार्थतः लावतां येत नाहीं. आणि पाप हेंहि शेवटीं अविद्येचें कार्य ठरतें. ज्या मतांत पुण्य व पाप हीं दोन्ही बंधनेंच होत, त्या मतांत पापाचा खरा तिटकारा कसा उत्पन्न होणार? येथें त्यांनीं प्रश्नाचें स्थान बदललें आहे. पूर्वी पाप हा नियमाचा भंग होता. आतां पाप हा एका जिवंत स्वामीचा अपराध झाला. अपराध कोणा व्यक्तीचा असेल तरच क्षमेला अर्थ येतो. नियमाची क्षमा मागतां येत नाहीं. ख्रिस्ती मतांत दयेला जी जागा आहे ती या एका पालटानें मिळते, हें ग्रंथकारानें अचूक ओळखलें होतें.

पण या पालटाची किंमतहि द्यावी लागते. अपराधाचें मोठेपण ज्याचा अपराध केला त्याच्या मोठेपणावर मोजावयाचें, हा विचार युरोपांत आन्सेल्म या मठवासी पंडितानें १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथांत मांडला. अनंत ईश्वराचा अपराध अनंत. तो मनुष्यास फेडतां येत नाहीं. म्हणून ईश्वरानेंच मनुष्य होऊन तो फेडावा, अशी त्याची उपपत्ति आहे. या उपपत्तीनें अनंत नरकाचेंहि समर्थन होतें; परंतु मग दुसरा आक्षेप सुटत नाहीं, त्याला फक्त कारण सांगितलें जातें. दुर्बल व अल्पज्ञ जीवाला पुरतें ज्ञान नसतां त्याचा अपराध अनंत मानणें, हेंच पूर्वपक्षास मान्य नव्हतें. वैषम्याच्या आक्षेपाचीहि तीच गत आहे. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं विचारलें असतां येशूनें त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापाचें कारण नाकारलें, असें योहानाच्या शुभवर्तमानांत आहे. हें नाकारणें करुणेचें आहे. पण तें उपपत्ति देत नाहीं. शास्त्रीबोवांच्या चरित्रावरून दिसतें कीं, बाप्तिस्म्यानंतरहि शंकांनीं त्यांचा पिच्छा सोडला नाहीं. त्यांच्या प्रामाणिकपणाची ही साक्ष आहे. विशींत स्वतः घातलेल्या आक्षेपाचें वजन त्यांच्याइतकें कोणास ठाऊक असणार?

तिसऱ्या आक्षेपाविषयीं मात्र थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण येथें घोटाळा शब्दांचा आहे. ‘दंड’ व ‘ऋण’ या दोन वेगळ्या कल्पना आहेत. ऋण दुसऱ्यानें फेडलें तर धनकोची तक्रार राहत नाहीं. दंड दुसऱ्यानें भोगला तर न्याय झाला असें कोणी म्हणत नाहीं. प्रत्येक जीव एकटाच आपलें सुकृत व दुष्कृत भोगतो, हें मनुवचन प्रसिद्ध आहे. ख्रिस्ती शास्त्रांत या दोन्ही कल्पना शेजारीं शेजारीं वावरतात. प्रभूच्या प्रार्थनेंत मत्तयानें पापासाठीं ऋणवाचक शब्द वापरला आहे, तर लूकनें पापवाचक. उपदेशक ऋणाचा दृष्टांत देतो आणि श्रोता दंडाचा अर्थ घेतो. मग निरपराध्यास फांशीं देऊन अपराध्यास सोडणारा ईश्वर त्याच्यापुढें उभा राहतो. वस्तुतः सिद्धांतपक्षाचा आशय असा कीं, सहन करणारा तिऱ्हाईत नव्हे. ज्याचा अपराध झाला व जो न्यायासनावर बसला आहे त्यानेंच तें ऋण आपल्या अंगावर घेतलें. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत ईश्वर न्यायी राहूनच पाप्यास न्यायी ठरवितो असें म्हटलें आहे, त्याचें मर्म हेंच. हा आशय मान्य करा किंवा करूं नका. परंतु खंडन करावयाचें तर याचें केलें पाहिजे.

संस्कृत वाङ्मयांत यास जवळची अशी कथा आहे; ती महाभारताच्या शांतिपर्वांतील शंख व लिखित या भावांची. लिखितानें भावाच्या आश्रमांतील फळें न विचारतां खाल्लीं. शंखानें त्यास राजा सुद्युम्नाकडे जाऊन दंड मागण्यास सांगितलें. राजा क्षमा करण्यास तयार होता. लिखितानें ती घेतली नाहीं व त्याचे हात तोडले गेले. मग तो भावाकडे आला. भावानें त्यास बाहुदा नदींत तर्पण करण्यास सांगितलें, आणि त्याचे हात पूर्ववत् झाले. तेव्हां लिखितानें विचारलें: तुझ्या तपाचें एवढें सामर्थ्य होतें तर तूं मला आधींच शुद्ध कां केलें नाहींस? शंख म्हणाला, दंड देणारा मी नव्हे. राजाचें काम राजानें केलें. येथें न्याय व दया दोन्ही पुऱ्या झाल्या, परंतु दोन वेगळ्या हातांनीं आणि एकामागून एक. राजा दंड देतो, भाऊ हात परत देतो. ख्रिस्ती सिद्धांताचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत राजा व भाऊ एकच आहे. त्याचें सौंदर्य त्यांत आहे, आणि त्याची अडचणहि त्यांतच आहे.

आतां ‘षड्दर्शनदर्पणा’च्या मुख्य उणिवेकडे वळूं. ग्रंथ षड्दर्शनांचा असल्यामुळें भक्तिपक्ष त्यांत प्रतिवादी म्हणून समोर येत नाहीं. त्यामुळें हिंदु मतांत दयेला जागाच नाहीं, अशी वाचकाची समजूत होण्याचा संभव आहे. आमच्या मुखेड–कंधार भागांत भागवताचा सप्ताह लागला म्हणजे सहाव्या स्कंधांतील अजामिळाची कथा येतेच. अजामिळ जन्मभर पाप करितो, मरतांना मुलाला नारायण या नांवानें हांक मारितो, आणि त्याला नेण्यासाठीं आलेल्या यमदूतांस विष्णुदूत अडवितात. या दोन्ही दूतांचा तेथें झालेला वाद हा न्याय व दया यांचाच वाद आहे. त्याच्या आधीं परीक्षितीनें विचारलें आहे कीं, प्रायश्चित्त घेऊन पुनः पाप करणें हें हत्तीच्या स्नानासारखें व्यर्थ नाहीं काय? भागवतकारानें हा प्रश्न टाळलेला नाहीं. आणि सुटल्यावर अजामिळ घरीं स्वस्थ बसला असेंहि सांगितलेलें नाहीं. तो पश्चात्ताप पावून गंगाद्वारास जातो व तेथें साधना करितो. दयेनें सुटलेल्या मनुष्यानें पुढें कसें वागावें, याचें उत्तर त्यांत आहे. विष्णुभक्ति केलेल्या नीळकंठशास्त्र्यांस ही कथा अपरिचित असणें शक्य नाहीं. त्यांनीं तिची परीक्षा केली असती तर वाद अधिक समबल झाला असता. दर्शनांचा कर्मफलदाता ईश्वर आणि शुभवर्तमानांतील पिता यांची तुलना करणें म्हणजे एका घराचा हिशेब दुसऱ्या घराच्या देवघराशीं ताडून पाहण्यासारखें आहे.

तरीहि एका बाबतींत सिद्धांतपक्षाचें पारडें जड आहे हें मान्य केलें पाहिजे. आणि ती बाब ग्रंथाबाहेरची आहे. पंडिता रमाबाईंच्या विचारांवर शास्त्रीबोवांच्या लेखनाचा परिणाम झाला होता. १८८३ मध्यें इंग्लंडांत बाप्तिस्मा घेण्यापूर्वी त्यांनीं लंडनजवळ फुलहॅम येथें पतित स्त्रियांसाठीं चाललेलें काम पाहिलें. या बायकांविषयीं एवढी आस्था कां, असें विचारल्यावर तेथील भगिनीनें त्यांस ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची भेट वाचून दाखविली. रमाबाईंनीं पुढें केडगांवास अशाच स्त्रियांसाठीं कृपासदन काढलें. अजामिळाची कथा आम्ही पिढ्यान् पिढ्या ऐकली व डोळे पुसले. परंतु कथा ऐकून घरीं परतल्यावर ज्या बाईचें पाऊल वांकडें पडलें तिला दार उघडण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं. तिच्यापुरता आम्हीं यमदूतांचाच पक्ष घेतला. हा दोष भागवताचा नव्हे, श्रोत्यांचा आहे. परंतु सिद्धांताची परीक्षा त्याच्या श्रोत्यांवरूनहि होत असते. याच न्यायानें ख्रिस्ती पक्षानेंहि गोव्यांतील धर्मसमीक्षण-न्यायालयाचा हिशेब द्यावा लागेल. १५६० मध्यें स्थापन झालेलें तें न्यायालय, मध्यंतरींचीं कांहीं वर्षें वगळतां, १८१२ पर्यंत ख्रिस्ताच्याच नांवानें लोकांस दंड करीत होतें.

सारांश, शास्त्रीबोवांचे पहिले दोन आक्षेप त्यांच्या दुसऱ्या ग्रंथानें निरस्त झाले नाहींत. तिसऱ्याचें स्वरूप मात्र पालटलें. पाप ही नियमाची मोडतोड कीं कोणाच्या प्रेमाचा अव्हेर, हा मूळ मतभेद आहे, आणि न्याय व दया यांचा मेळ कसा घालावयाचा हें त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ आणि ‘षड्दर्शनदर्पण’ हे दोन ग्रंथ एकत्र वाचावे, एकास दुसऱ्याचें उत्तर म्हणून नव्हे, तर एकाच सत्यशोधकाच्या दोन साक्षी म्हणून. ज्यांस संस्कृत येतें त्यांनीं पहिला ग्रंथ सटीप मराठींत आणावा. तसें झाल्यास त्या काळच्या पंडितांनीं परधर्माचा विचार किती बारकाईनें केला होता, हें मराठी वाचकांस कळेल. आणि वाद करतांना प्रतिपक्षाचें म्हणणें आधीं नीट मांडण्याची जुनी शिस्तहि पुनः डोळ्यांपुढें येईल.

मुखेड, जि. नांदेड