दर्शनी भाग आणि घरगल्ली

मुंबईच्या फोर्ट भागातील इमारतींविषयी लिहिण्याची आपल्याकडे एक ठराविक भाषा झाली आहे. कमानी, घुमट, रंगीत काचा, वास्तुविशारदाचे नाव आणि शेवटी ‘वारसा’ हा शब्द. 2004 मध्ये बोरीबंदरचे स्थानक व 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून ही भाषा अधिकच प्रतिष्ठित झाली. या इमारती सुंदर नाहीत असे मला म्हणायचे नाही. राजाबाई टॉवरखालून जाताना मीही मान वर करतो. प्रश्न एवढाच आहे की, केवळ दर्शनी भाग पाहून थांबणारी समीक्षा पुरी समीक्षा ठरते काय?

महानगरपालिकेचे मुख्यालय घेऊ. 1884 मध्ये लॉर्ड रिपनने त्याची कोनशिला बसवली, 1893 मध्ये ते पुरे झाले. बोरीबंदरचे स्थानक बांधणारा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हाच त्याचाही वास्तुविशारद. मुंबई ही हिंदुस्थानातील पहिली नगरी, असा अभिमान सांगणारी पंखधारी मूर्ती त्याच्या माथ्यावर आहे. याच काळात, 1888 मध्ये, या नगरीचा कारभार चालवणारा कायदा झाला. त्या कायद्यात एक कर होता, ‘हलालखोर कर’. मैला उचलणाऱ्या जातीचे हे नाव. पाण्याचा कर पाण्याच्या नावाने आणि मैल्याचा कर मात्र माणसाच्या जातीच्या नावाने! पुढे नाव बदलून ते मलनिःसारणाचे झाले. वास्तूच्या इतिहासात कोनशिलेची तारीख येते, या कराचे नाव येत नाही.

जे कायद्यात होते तेच नकाशातही होते. जुन्या मुंबईत घरांच्या दोन रांगांच्या पाठी एकमेकींना भिडतात तिथे एक अरुंद बोळ असतो. त्याला घरगल्ली म्हणतात. टोपलीच्या संडासांची दारे या बोळात उघडत. मैला नेणाऱ्याने पुढच्या दाराने येऊ नये, कुणाच्या दृष्टीस पडू नये, म्हणून ही वाट. खेड्यात आमची वस्ती गावकुसाबाहेर असे. शहराने गावकूसच घराच्या पाठीमागे आणून उभे केले. भुयारी गटारे आली तरी घरगल्ल्या गेल्या नाहीत. वरच्या खिडक्यांतून कचरा पडतो आणि तो काढायला माणूस आजही आत उतरतो. शहररचनेत जात नसते असे म्हणणाऱ्यांनी या बोळाची रुंदी मोजावी.

1896 च्या प्लेगनंतर राज्यकर्त्यांना गरिबांची घरे दिसली. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्यापासून घरे पाडण्यास सुरुवात झाली, रुंद रस्ते निघाले, कामगारांसाठी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका चाळीत, दोन खोल्यांत, बाबासाहेबांनी वर्षानुवर्षे संसार आणि अभ्यास केला. म्हणून या चाळींना मी केवळ दोष देणार नाही. परंतु त्या दोन खोल्यांतून जे निर्माण झाले ते नियोजनकाराच्या हिशेबात नव्हते, हेही विसरता कामा नये. त्याने श्रमाला निवारा दिला होता. विचाराला जागा सोडलेली नव्हती.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे वडील एका शहराच्या सफाई खात्यात झाडू मारीत. आमची खोली नोकरीची होती. नोकरी संपली की खोली सोडायची, हा नियम. वडील थकले तेव्हा घरात दोन मुलगे होतो. दादा माझ्याहून हुशार होता. वडिलांच्या जागी तो लागला, म्हणून छप्पर टिकले आणि मी बी. ए. झालो. आज मी महाविद्यालयात सौंदर्यशास्त्र शिकवतो आणि दादा पहाटे पाचला हजेरी लावतो. घर कामाशी बांधले की काम पिढीशी बांधले जाते. त्यासाठी मनुस्मृतीची वेगळी गरज उरत नाही.

‘कलेत स्वच्छतेचा प्रश्न कशाला?’ असे माझे काही सहकारी विचारतात. ज्या सभागृहाच्या छताची आपण वाखाणणी करतो, त्याच प्रकारच्या सभागृहांत कुणाची खोली किती फुटांची आणि ती कोणत्या अटीवर, हे ठरत आले आहे. वास्तूचे प्रयोजन तिच्या सौंदर्यापासून तोडले, तर उरते ती सजावट.

बाबासाहेबांना शहराच्या मध्यभागाचा अर्थ कळला होता. त्यांनी 1946 मध्ये सुरू केलेले सिद्धार्थ महाविद्यालय फोर्टमध्येच, आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींत आहे. शहराच्या पाठीमागे नव्हे, दर्शनी रस्त्यावर. आपल्या विद्यार्थ्यांना फोर्टची सहल घडवताना शिक्षकांनी या इमारतींसमोरही थांबावे. आणि परतण्यापूर्वी एखाद्या घरगल्लीच्या तोंडाशी त्यांना न्यावे. आत कोण उतरतो, तो कुठे राहतो आणि त्याची मुले काय करतात, हे त्यांना विचारू द्यावे. दोन्ही पाहिल्यावर त्यांनी जे लिहिले, ते मला वाचायचे आहे.