ठ कुणी खाल्ला?

बारामतीत ‘कॉम्प्रेसरवर काम करतो’ म्हटलं की समोरचा विचारतो, पंक्चरचं दुकान कुठं टाकलंय? माझा कॉम्प्रेसर हवा दाबत नाही, आवाज दाबतो, आणि तोही संगणकात. सोपं सांगायचं तर तो उसाला दारं धरणारा गडी आहे. पाटाचं पाणी वाढलं की दारं बारीक करतो, उतरलं की मोकळं सोडतो. किती पाण्याला उठायचं तो थ्रेशोल्ड. उठायला लावलेला वेळ म्हणजे अटॅक, पुन्हा मोकळं करायला लावलेला वेळ म्हणजे रिलीज. रेशो चारास एक ठेवला तर मर्यादेच्या वर चार डीबी चढलेला आवाज बाहेर पडताना एकच डीबी चढलेला असतो. काम एवढंच. तरी असली प्लगइनं शेकड्यांनी मिळतात, आणि कुठलं चांगलं यावर माणसं रात्री जागवतात.

मला हे वेड समजलं ते मोरोपंतांमुळं. कऱ्हेकाठी राहून त्यांनी १०८ रामायणं लिहिली असं सांगतात. कथा तीच, बंधन दर वेळी नवं. निरोष्ठ रामायणात ओठाला ओठ लावणारं अक्षरच घ्यायचं नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे रामायण लिहायचं आणि ‘राम’ म्हणायचं नाही! शाळेत हा पंतांचा हट्ट वाटला होता. आता भजनाची एकच ओळ निरनिराळ्या कॉम्प्रेसरांतून सोडताना पंत जवळचे वाटतात. शब्द चाळून बाहेर येतात तेव्हा त्यातलं काय गळलं नि काय राहिलं, हे बघण्यात वेगळीच मजा आहे.

ती ओळ मला मिळाली कार्तिकात. तुकोबांची पालखी बेलवडीचं रिंगण करून अंथुर्णे, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते, त्या वाटेजवळचं एक गाव. काकडा संपल्यावर देवळातच माईक लावले. तिथं गाणाऱ्या बुवांना उघड्या माळावर, दिंडीत म्हणायची सवय. त्यांना माईकचं काही घेणंदेणं नाही. अभंग उचलताना इतके खाली की पेटीचा भाता ऐकू यावा, आणि चढले की मीटर लाल. हे दोन्ही बुवा एका गाण्यात बसवायचे तर दाबणं आलंच.

ओळीतला एकच शब्द घेऊ, विठ्ठल. ‘वि’ मऊ उघडतो. मग जीभ वर चिकटते आणि आवाज बंद पडतो. कागदावर तिथं अर्धा ठ आहे, कानाला मात्र निव्वळ थांबणं आहे. त्या थांबण्यात दाब साठतो, जीभ सुटते, झोतासकट ठ फुटतो आणि मागून ‘ल’ बुवांना वाटेल तेवढा लांबतो. म्हणताना आपण कधी लक्ष देत नाही, पण या शब्दाची सगळी ताकद त्या अडवून सोडण्यात आहे.

पहिल्यांदा ओळ सोडली वेव्हजच्या सीएलए-७६ मधून. बिल पुटनम यांच्या १९६७ च्या ११७६ या यंत्राची ही संगणकी नक्कल. मूळ यंत्राचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे अगदी सुस्त ठेवला तरी हा गडी एका मिलिसेकंदाच्या आत दाऱ्यावर हजर. त्याचं अटॅकचं बटण उलटं चालतं, उजवीकडं फिरवलं की वेग वाढतो. नक्कल करणाऱ्यांनी ही खोडसुद्धा जपली आहे, आणि मी पहिले कित्येक महिने ते चुकीच्याच बाजूला फिरवत होतो. बुवा एकदम पुढ्यात येऊन बसले. काय तो रुबाब! हेडफोन काढून बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, पुन्हा ऐकलं, तेव्हा ध्यानात आलं की ठ गेलाय. ‘विठल’ असं काहीतरी सपाट उरलं होतं. रिलीजही सगळ्यात जलद ठेवला होता, ५० मिलिसेकंदांवर. त्यामुळं शब्द संपला रे संपला की दारं सताड उघडायचं आणि श्वास शब्दाएवढा मोठा व्हायचा. बुवांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “आरं, मला दमा लागलाय का?”

दुसरा अ‍ॅनालॉग ऑब्सेशनचा, फुकटातला. नाव ‘लाला’. हा एलए-२ए च्या चालीचा. जिम लॉरेन्स यांनी साठच्या दशकात आणलेल्या त्या मूळ यंत्रात आवाज वाढला की एक पट्टी उजळते आणि तिच्यासमोरचा प्रकाशाला जागणारा रोध आवाज खाली ओढतो. उठायला साधारण १० मिलिसेकंद. आळशीच म्हणायचा, पण या आळसात ठ निसटून जातो, अख्खा. गडी पोचतो तेव्हा ‘ल’ सुरू होऊ घातलेला असतो, तो मात्र अलगद धरला जातो. सोडण्याची तऱ्हा तर याहून सुंदर. निम्मी पकड ६० मिलिसेकंदांत सुटते, उरलेली सुटायला काही सेकंद लागतात, आणि बुवांनी लांब तान घेतली असेल तर आणखी वेळ. म्हणजे त्याला मागचं आठवत असतं. लोक कॉम्प्रेसर निवडताना तो पकडतो कसा हे बघतात. मी आता सोडतो कसा हे ऐकतो.

फेअरचाइल्ड ६७० ची नक्कलही लावून पाहिली. मूळ यंत्रात २० व्हॅक्यूम ट्यूब, वजन ३० किलोच्या आसपास. आवाजाला साय येते खरी, पण काकड्याच्या भजनाला ती साय मला परकी वाटली.

खरी पंचाईत पुढं होती. सगळं एकत्र वाजवलं की पखवाजाच्या धुमेवर थाप पडताच बुवा, पेटी, टाळ सगळे क्षणभर मागं जायचे आणि परत यायचे, जणू सगळं मंडळ झोपाळ्यावर बसलंय. धुमेला लावलेल्या कणकेनं तिला जो खोल आवाज येतो, तोच कॉम्प्रेसरला सगळ्यात मोठा दिसतो. फॅबफिल्टरच्या प्रो-सी २ मध्ये याला उपाय आहे. कॉम्प्रेसरनं कशाकडं बघून उठायचं ते ठरवता येतं. खालचा भाग त्याच्या कानाआड केला आणि झोपाळा थांबला. आठ स्वभाव आहेत त्यात, सगळं पडद्यावर आखून दाखवतो. फार शहाणा आहे. मला त्याचा थोडा राग येतो, कारण त्याच्यासमोर मी ऐकायचं सोडून बघायला लागतो.

शेवटचा हात टोकियो डॉन लॅब्जच्या कोटेलनिकोव्हचा, हाही फुकट मिळतो. अचानक उसळलेला आवाज आणि सलग भरलेला आवाज, दोन्हींचा रिलीज यात वेगवेगळा लावता येतो. म्हणून टाळ एका चालीनं सुटतात, गळा दुसऱ्या. एक-दीड डीबी, त्यापुढं नाही. आणखी दाबून काही मिळतही नाही. स्पॉटिफाय गाण्याची सरासरी पातळी -१४ लफ्सच्या आसपास आणून ठेवतं, म्हणजे ओरडणाऱ्याचा आवाज तिथं खाली येतो.

ट्रॅक्टरवर मात्र असलं काही चालत नाही. भवानीनगरच्या रस्त्यानं दोन ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर इंजिनाशी स्पर्धा करणारे स्पीकर असतात, आणि आमचं भजन शेवटी तिथंच वाजणार. एका ओळखीच्या ड्रायव्हरला फाइल दिली. बुवांचं खालचं उचलणं इंजिनानं गिळलं, पेटी गेली. म्हणून त्या सुरुवातीच्या दोन ओळी मी हातानं वर घेतल्या, कॉम्प्रेसरला न विचारता.

मग पुन्हा देवळात गेलो. बुवांनी फोन कानाला लावला, दोनदा ऐकलं.

“ठ आला,” म्हणाले. “आता त्या टाळवाल्याला जरा लांब बसव.”