मोडीचे वळण आणि मोडीचा ठसा

भोरचे अधिपती ‘पंत सचिव’ म्हणवीत. सचिव म्हणजे सुरनीस; राजपत्रे तपासून त्यांतील न्यूनाधिक अक्षर शुद्ध करणे हे त्या पदाचे मूळ काम. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते अण्णाजी दत्तो यांजकडे होते; राजारामाच्या कारकिर्दीत शंकराजी नारायण यांस मिळाले, आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत भोर त्यांच्या वंशाकडे राहिले. वेल्ह्याचे राजगड-तोरणे याच संस्थानात मोडत. तालुक्यांची नावेही राजगड, प्रचंडगड अशी. अक्षरावर देखरेख हेच ज्या घराण्याचे पद, त्याच्या मुलखात मोडीच्या ठशाचा विचार अप्रस्तुत नव्हे.

मोडीचे लालित्य सुट्या अक्षरात नाही. लेखक प्रथम ओळभर शिरोरेषा ओढतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकवीत जातो. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एकट्या ‘र’ची रूपे शेजारच्या अक्षराप्रमाणे पालटतात. म्हणजे येथे सौंदर्य आणि वेग एकाच कारणातून उत्पन्न झाले आहेत.

धातूचा खिळा नेमके हेच तोडतो. श्रीरामपूर येथे १८१० मध्ये निघालेल्या विल्यम केरीच्या मराठी कोशात मोडी ठसे वापरले गेले. उद्योग म्हणून तो थोरच. परंतु खिळ्यांची मोडी वाचनसुलभ झाली ती धावणे सोडून. शिळाप्रेस अधिक इमानी ठरला, कारण त्याने लेखकाचा हातच दगडावर घेतला.

२०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीस स्थान मिळाले, चिन्हे ७९. संगणकीय टंकात शेजार पाहून रूप बदलण्याची सोय आहे, म्हणून खिळ्याची सबब आता चालणार नाही. शीर्षक, फलक, मुळाशेजारी छापावयाचा पाठ यांसाठी असा टंक उत्तम. वाचनाच्या शिक्षणास मात्र तो घातक ठरू शकतो: एकसारख्या ठशावर तयार झालेला विद्यार्थी पेशवाईतील घाईच्या पत्रापुढे अडखळतो आणि दोष दफ्तराला देतो. याला उपाय एकच दिसतो. ‘सर्वसाधारण मोडी’चा सुबक टंक न करता एका दफ्तराचे, एका कालखंडाचे वळण घ्यावे, आणि त्यातील ‘र’ची सारी रूपे, ओबडधोबड असली तरी, राखावीत.