नट व्हा, मग लिहा

मराठी वाहिन्यांसाठी विनोद लिहायची हौस आहे, पण गोरेगाव-मालाडच्या पट्ट्यात ओळखीचं कुणी नाही, अशा माणसानं नेमकं जायचं कुठे? नटांसाठी ऑडिशन होतात, गायक शोधायला तर अख्खे कार्यक्रम चालतात. लेखक मात्र बहुतेक वेळा कुणीतरी सुचवलेला असतो.

पूर्वी निदान एक वाट कागदावरून जात होती. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि त्याच दशकात त्यावर चिमणराव-गुंड्याभाऊ अवतरले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी गाजवलेली ही जोडी मुळात चिं. वि. जोशींच्या छापील कथांमधली. ‘अल्फा मराठी’वर २००१ मध्ये आलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर बेतलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं, लेखन गुरू ठाकूर यांचं. तिच्यात पंचांची बरसात नव्हती. शेखर आणि श्यामलाची कुरबूर, शिऱ्याचे उद्योग, शलाकाचे रुसवे आणि हे सगळं न्याहाळत रोजनिशी लिहिणारे आबा, एवढ्यावर मालिका उभी राहिली. ‘आवाज’सारखे विनोदी दिवाळी अंक आणि वृत्तपत्रातली सदरं ही अशा लेखनाची तालीम होती. टपालानं आलेलं हस्तलिखित उघडून बघणारा संपादक तिथे असे. लेखक कोणाचा कोण, हे त्याला ठाऊक असायलाच हवं असं नव्हतं.

आज टीव्हीवरचा मराठी विनोद म्हणजे प्रामुख्यानं स्किट. ‘फू बाई फू’त नटांच्या जोड्या स्किट करत आणि परीक्षक गुण देत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’चे लेखक, दिग्दर्शक आणि सूत्रसंचालक सुरुवातीला एकच होते, डॉ. निलेश साबळे. तेही ‘महाराष्ट्राचा सुपरस्टार’ या अभिनयाच्या स्पर्धेतून आलेले. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ मध्ये आली. तिथे समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर स्वतः लिहितात आणि त्याच स्किटमध्ये उभेही राहतात. थोडक्यात, लेखक व्हायचं तर आधी नट म्हणून आत शिरा.

याला कारण आहे आणि ते तितकंसं वाईट नाही. स्किट टेबलावर अर्धंच लिहून होतं, उरलेलं तालमीत घडतं. कोणाच्या नुसत्या बघण्यावर हशा येतो, कोणाला लांब वाक्य पेलत नाही, कोणता पंच कोणाच्या तोंडी मरतो, हे तालमीच्या खोलीत बसणाऱ्यालाच कळतं. ‘हास्यजत्रे’तली नम्रता संभेराव यांची लॉली कागदावर वाचून हसू येईलच असं नाही. तिचा अर्धा जीव आवाजाच्या हेलात आहे. बाहेरून पाकिटात आलेलं स्किट म्हणूनच निर्मात्याला परकं वाटतं.

मग या खोलीत पोचायचं कसं? बऱ्याच जणांची वाट एकांकिका स्पर्धांतून जाते. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, मुंबईत ‘सवाई’ आहे. या स्पर्धांची जरब खरी आहे: २०२२ मध्ये करंडकाच्या तोलामोलाची एकांकिकाच नाही, असं म्हणत परीक्षकांनी ‘पुरुषोत्तम’ कोणालाच दिला नव्हता. त्यावर पुष्कळ वाद झाला. पण हे दार मुख्यतः महाविद्यालयीन वयाचं आणि ज्या शहरात नाटकाची चळवळ आहे तिथल्यांचं. पस्तिशीत लिहायला बसलेल्या जतच्या शिक्षिकेला ते बंदच.

तिच्यासाठी खरी फट मोबाइलनं पाडली. ‘भाडिपा’नं २०१६ पासून यूट्यूबवर शहरी मराठी विनोदाला स्वतःचा प्रेक्षक मिळवून दिला, ‘कोरी पाटी’च्या ‘गावाकडच्या गोष्टी’नं त्यासाठी मुंबई लागत नाही हे दाखवलं. मात्र तिथेही लिहिणाऱ्यालाच शूट, संकलन आणि प्रसिद्धी उरकावी लागते. नुसता लेखक तिथेही पोरकाच.

नवख्याला सतावणारी दुसरी गोष्ट म्हणजे चोरीची भीती. ‘आयडिया ढापली’ ही तक्रार नवी नाही, पण कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. ‘आर. जी. आनंद’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच सांगितलंय की कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो. त्यामुळे चहाच्या टपरीवर वनलाइन ऐकवून मोकळं होण्यापेक्षा पूर्ण एपिसोड लिहून तो स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवणं शहाणपणाचं. प्रत्येक एपिसोडसोबत पुढच्या दहा भागांचा आराखडा असला, तर समोरचा निदान गंभीरपणे ऐकतो.

नटांच्या हाती लेखन गेल्याचा तोटा मात्र पडद्यावर दिसतो. चेहरा ओळखीचा झाला की स्किट त्या चेहऱ्याच्या लकबीवर चालतं: तोच हेल, तीच नक्कल, पाहुणा कलाकार आला की तीच थट्टा. पात्रांना घर, पगार, शेजारी आणि आठवणी देणारी मालिका लिहायला बाहेरचा, थोडा परका माणूस लागतो. टिपऱ्यांच्या तोडीची विनोदी मालिका गेल्या वीसेक वर्षांत क्वचितच झाली, याचं एक कारण तरी हेच आहे.

अशा परक्या माणसासाठी दार उघडं ठेवता येतं. बीबीसी रेडिओनं ‘वीक एंडिंग’ (१९७०-९८) आणि नंतर ‘न्यूजजॅक’ (२००९-२१) या कार्यक्रमांत अनोळखी लेखकांचे विनोद घेतले. डग्लस अ‍ॅडम्सचं लेखनही ‘वीक एंडिंग’मध्ये वाजलं होतं. मराठी वाहिन्यांना एवढं जड नाही. वर्षातून एकदा अर्ध्या तासाच्या विनोदी संहिता जाहीरपणे मागवाव्यात, त्या वाचणाऱ्यांना मानधन द्यावं आणि निवडलेल्या लेखकाला तालमीच्या खोलीत खुर्ची द्यावी.