तेवीस नावांची यादी : आंतरराष्ट्रीय महिला फुटबॉलमधील संघनिवडीच्या नियमांची चिकित्सा

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे समीक्षण बहुधा मैदानावरील खेळापुरते मर्यादित राहते. कोणी गोल केला, कोणाचे तंत्र सरस ठरले, याची चर्चा होते. परंतु मैदानावर कोणी उतरावयाचे हे ज्या नियमांनी ठरते, त्या नियमांकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. स्पर्धेपूर्वी सादर होणारी खेळाडूंची अंतिम यादी वरकरणी केवळ कार्यालयीन कागद वाटते. वस्तुतः तिच्यात आरोग्य, अर्थकारण आणि सत्ता या तिन्हींचे संबंध गुंतलेले असतात. महिला फुटबॉलच्या संदर्भात हे संबंध अधिक स्पष्टपणे दिसून येतात.

फिफाच्या पहिल्या महिला विश्वचषकात, म्हणजे १९९१ साली चीनमध्ये, प्रत्येक संघास १८ खेळाडूंची मुभा होती. सामनेही ९० ऐवजी ८० मिनिटांचे होते. स्त्रियांना पूर्ण वेळ खेळणे झेपेल किंवा कसे, याविषयी आयोजकांच्या मनात असलेली शंका त्या दहा मिनिटांत व्यक्त झाली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९९५ मध्ये ही संख्या २० झाली, २००७ मध्ये २१ आणि २०१५ मध्ये २३. पुरुषांच्या विश्वचषकात २००२ पासूनच २३ खेळाडू होते. म्हणजे समान संख्येसाठी महिलांना तेरा वर्षे वाट पाहावी लागली. ही समानताही अल्पजीवी ठरली. कोविडच्या पार्श्वभूमीवर २०२१ च्या पुरुषांच्या युरोपीय स्पर्धेत २६ खेळाडूंना परवानगी देण्यात आली व २०२२ च्या पुरुषांच्या विश्वचषकातही तीच संख्या राहिली. मात्र २०२२ ची महिलांची युरोपीय स्पर्धा आणि २०२३ चा महिला विश्वचषक २३ खेळाडूंवरच खेळवण्यात आला. विषाणू लिंगभेद करीत नाही. नियमाने मात्र तो केला.

हा भेद आकड्यांचा क्षुल्लक फरक म्हणून सोडून देता येत नाही. गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याची दुखापत पुरुषांपेक्षा महिला खेळाडूंमध्ये अधिक प्रमाणात आढळते, ही बाब क्रीडावैद्यकात सर्वमान्य आहे. २०२३ च्या विश्वचषकास इंग्लंडच्या लीआ विल्यमसन व बेथ मीड आणि नेदरलँड्सची विवियाना मिडेमा या तिघीही याच दुखापतीमुळे मुकल्या. ज्या गटात दुखापतीचा धोका अधिक, त्या गटासच कमी राखीव खेळाडू देणे हे तर्कास धरून नाही. येथे खर्चाचा मुद्दा पुढे केला जाईल. तो तपासून पाहावा. २०२३ मध्ये फिफाने गटसाखळीतच बाद होणाऱ्या संघातील प्रत्येक खेळाडूसाठी ३०,००० डॉलर जाहीर केले होते. ३२ संघांत प्रत्येकी तीन खेळाडू वाढवले असते, तर ९६ नावे वाढली असती आणि या किमान दराने २८ लाख ८० हजार डॉलर लागले असते. त्या स्पर्धेची बक्षिसांची रक्कम ११ कोटी डॉलर होती. प्रवास व निवासाचा खर्च वेगळा धरला, तरी हा बोजा न पेलणारा होता असे म्हणता येणार नाही. शिवाय अनेक देशांतील खेळाडूंना क्लबकडून मिळणारे वेतन लक्षात घेता, यादीतील एक जागा म्हणजे वर्षभराची उपजीविका ठरू शकते. प्रशिक्षकाने खोडलेल्या नावामागे हा व्यवहारही असतो.

ऑलिंपिकमधील स्थिती याहून बिकट आहे. तेथे १८ खेळाडूंचीच यादी असते व चार खेळाडू राखीव म्हणून बाहेर ठेवले जातात. टोकियो स्पर्धेपूर्वी, २०२१ मध्ये, हा नियम शिथिल करण्यात आला. बावीसही खेळाडूंना संघात धरून त्यांतून प्रत्येक सामन्यासाठी १८ निवडण्याची मुभा मिळाली. या बदलाचे महत्त्व अमेरिकेच्या लिन विल्यम्स हिच्या उदाहरणावरून ध्यानात येते. मूळ नियमाप्रमाणे ती केवळ राखीव होती. नियम बदलल्यामुळे ती नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात उतरली व तिने गोलही केला. २–२ अशा बरोबरीनंतर अमेरिकेने तो सामना पेनल्टींवर जिंकला आणि अखेर कांस्यपदक मिळवले. तीच खेळाडू २०२४ च्या पॅरिस स्पर्धेसाठी पुन्हा राखीव यादीत होती. कॅटरिना मकारिओने माघार घेतल्यामुळे तिला मुख्य संघात स्थान मिळाले आणि तिच्या हाती सुवर्णपदक आले. दोन्ही वेळी खेळाडूची गुणवत्ता तीच होती. तिचे स्थान एकदा नियमाच्या कृपेने बदलले आणि एकदा सहकारी खेळाडूच्या दुर्दैवाने. पॅरिसमध्ये अमेरिकेच्या संघाने १७ दिवसांत सहा सामने खेळले व त्यांपैकी दोन जादा वेळेपर्यंत लांबले, हेही येथे नमूद केले पाहिजे. दोन गोलरक्षक वजा केल्यास हा भार सोळाजणींवर पडला.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या प्रश्नाचे सर्वांत वेदनादायी उदाहरण महाराष्ट्रातच घडले. जानेवारी २०२२ मध्ये आशियाई महिला चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरली. २०२३ च्या विश्वचषकातील आशियाई संघ याच स्पर्धेतून ठरावयाचे होते. यजमान भारताने २० जानेवारीस नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर इराणशी गोलशून्य बरोबरी केली. त्यानंतर संघात कोविडची लागण पसरली. २३ जानेवारीस चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी नियमानुसार आवश्यक असलेले किमान १३ खेळाडू भारत उभे करू शकला नाही. कोविडकाळासाठी केलेल्या विशेष नियमांच्या आधारे भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे मानण्यात आले व इराणविरुद्धचा सामनाही रद्दबातल ठरला. अनेक वर्षांच्या तयारीचा शेवट स्वतःच्या घरच्या मैदानावर, न खेळलेल्या सामन्याने झाला.

या प्रसंगात तीन वेगवेगळे आकडे परस्परांसमोर उभे राहतात. फुटबॉलच्या मूळ कायद्यानुसार सात खेळाडू असले तरी सामना खेळता येतो. स्पर्धेच्या विशेष नियमास तेरा हवे होते. आणि यादी होती तेविसांची. सात आणि तेरा यांतील अंतर खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी होते, हे मान्य करता येईल; थकलेल्या व आजारातून उठलेल्या खेळाडूंना मैदानात ढकलणे कोणासही मान्य होणार नाही. परंतु किमान संख्येची अट जितकी काटेकोर, तितकी ती संख्या पुरी करण्याची तरतूदही उदार असावयास हवी होती. अट कठोर आणि साधने मोजकी, अशा रचनेत नियम निष्पक्ष दिसतो आणि अन्याय मात्र घडून जातो. अर्थात केवळ २६ नावे असती तर संघ वाचला असता, असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. एकाच हॉटेलात राहणाऱ्या आणखी तिघींनाही लागण होऊ शकली असती. खरी गरज होती ती मुख्य संघापासून वेगळ्या ठेवलेल्या आणि आवश्यकता पडताच यादीत येऊ शकणाऱ्या राखीव खेळाडूंची. पुढे जुलै २०२५ मध्ये भारतीय महिलांनी थायलंडमध्ये यजमान संघाचा २–१ असा पराभव करून २०२६ च्या आशियाई चषकात स्थान मिळवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते. त्या यशाने २०२२ च्या जखमेवर फुंकर घातली गेली, तरी त्या वेळच्या नियमाचे मूल्यमापन त्यामुळे अनावश्यक ठरत नाही.

संख्येपेक्षाही गहन प्रश्न आहे तो निवडीच्या अधिकाराचा. यादी सादर करण्याचा अधिकार केवळ राष्ट्रीय संघटनेचा असतो. त्यामुळे २०२१ मध्ये सत्तांतर झाल्यावर देश सोडून गेलेल्या अफगाण महिला खेळाडूंना खेळण्याची पात्रता असूनही निवडणारे कोणी उरले नाही. त्यांचा निर्वासित संघ फिफाच्या पुढाकाराने मोरोक्कोत मैदानावर दिसण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

स्पेनमध्ये याच अधिकाराची दुसरी बाजू दिसली. सप्टेंबर २०२२ मध्ये पंधरा खेळाडूंनी, संघातील परिस्थितीचा आपल्या मनःस्थितीवर व आरोग्यावर परिणाम होत असल्याचे कळवून, आपली निवड करू नये असे संघटनेस लिहिले. संघटनेने त्यांच्याकडून क्षमायाचनेची अपेक्षा धरली. त्या पंधराजणींपैकी केवळ तिघी, ऐताना बोनमाती, ओना बाट्ये व मारिओना काल्देन्ते, २०२३ च्या विश्वचषक संघात होत्या. स्पेनने सिडनीत इंग्लंडला १–० असे नमवून तो चषक जिंकला. विजयामुळे संघटनेची भूमिका योग्य ठरली, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. परंतु विजय हा खेळाडूंच्या गुणवत्तेचा पुरावा असतो, निवडप्रक्रियेच्या न्याय्यतेचा नव्हे. बक्षीस समारंभातील गैरवर्तनानंतर काही आठवड्यांतच हे पुन्हा उघड झाले. खेळण्यास नकार कळवलेल्या खेळाडूंचीही नावे नव्या प्रशिक्षिका मोन्त्से तोमे यांनी जाहीर केली. स्पेनच्या क्रीडा कायद्यानुसार राष्ट्रीय संघाचे बोलावणे नाकारणे शिक्षेस पात्र असल्याने खेळाडूंना शिबिरात हजर व्हावे लागले. वाटाघाटींनंतर मापी लेओन व पात्री गिहारो या दोघी परत गेल्या. बोलावणे आल्यास खेळाडूने सामान्यतः होकार दिलाच पाहिजे, असे बंधन फिफाच्या नियमावलीतही आहे. त्याच खेळाडूस वगळताना संघटनेला मात्र यादीसोबत एका ओळीचेही कारण द्यावे लागत नाही.