टंच चांदीचा, कस हाताचा

जपानी हस्तघडणीच्या चांदीच्या भांड्यांचे कौतुक सुरू होते ते बहुधा चांदीच्या शुद्धतेपासून. तळावर 'जुन्गिन्', म्हणजे शुद्ध चांदी, असा शिक्का दिसला की गिऱ्हाईक निर्धास्त होते. जपानची सरकारी टांकसाळ 1929 पासून मौल्यवान धातूच्या वस्तू तपासून त्यांवर राष्ट्रध्वज आणि टंचाचा आकडा उमटवून देते. अर्थात हा शिक्का घेणे ऐच्छिक आहे. 'तोक्यो गिन्की' या नावाने तिथल्या चांदीकामाला 1979 मध्ये पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा मिळाला, त्यातही हजारात किमान 925 भाग चांदी हवी अशी अट आहे. ही व्यवस्था चोख आहे, पण तिच्यातून कळतो तो धातूचा टंच. आपल्याकडे सराफ चांदीचा भाव वेगळा लावतो आणि घडणावळ वेगळी. जपानी भांड्याचे मोठेपण सगळे या घडणावळीत आहे, आणि आज तिथे काळजी करण्यासारखे जे घडते आहे तेही तिथेच. हातांतले कसब आटलेले नाही. ते वापराच्या भांड्यांतून उठून प्रदर्शनातल्या फुलदाणीत जाऊन बसले आहे.

हे समजायला पाणी तापवण्याची चांदीची किटली पुरेशी आहे. कारागीर पत्र्याची चकती घेतो आणि निरनिराळ्या आकारांच्या लोखंडी ऐरणींवर ठेवून हातोडीने कडेकडून वर चढवत नेतो. ठोके खाऊन चांदी कडक होते, आणखी ठोकली तर चिरते. म्हणून तिला ताव द्यायचा, मऊ करायची आणि पुन्हा ठोकायला घ्यायची. ताव कमी पडला तर पत्रा फाटतो, आणि जास्त झाला तर पातळ कड वितळायला वेळ लागत नाही, कारण चांदी 962 अंशांच्या आसपासच पाणी होते. खरी परीक्षा तोटीची. सोपी वाट अशी की तोटी वेगळी घडवावी आणि डाख देऊन जोडावी. अवघड वाट म्हणजे पोटाच्या एका बाजूला धातू राखून ठेवायचा आणि त्याच पत्र्यातून तोटी बाहेर काढायची. सांधा कुठेच नाही. बाहेरचा मठार मात्र फसवा असतो. तो यंत्रावर काढलेल्या भांड्यावरही नंतर ठोकता येतो आणि हौशी गिऱ्हाईक त्यालाच हातकाम समजते. शिवाय चांदीइतकी उष्णता दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही, म्हणून मुठीवर वेताचा वेढा लागतो. चांदीने पाणी गोड होते असे विक्रेते सांगतात. ते त्यांचे त्यांना लखलाभ. किटलीची धार मध्येच तुटते का आणि ओतून झाल्यावर थेंब तोटीवरून ओघळतो का, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

यावर पहिला आक्षेप येतो तो इतिहासाचा. प्रदर्शनाने कला बिघडते म्हणावे, तर जपानी धातुकाम तगले तेच प्रदर्शनांमुळे. यात तथ्य आहे. 1876 मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि तलवारींचे साज घडवणाऱ्यांचा धंदा बसला. तेच हात मग परदेशी बाजारासाठी आणि जागतिक प्रदर्शनांसाठी फुलदाण्या, धूपदाण्या घडवू लागले. तलवारीच्या साजावर नाव कमावलेले कानो नात्सुओ पुढे नव्या नाण्यांच्या नक्षीकडे वळले आणि तोक्योच्या कलाशाळेत प्राध्यापक झाले. जुलै 1940 मध्ये चैनीच्या वस्तूंवर निर्बंध आले, त्या फेऱ्यातूनही हे काम वाचले. आज 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून ज्यांचा गौरव झाला त्या ओसुमि युकिए (2015) चांदीच्या अंगावर बारीक आडव्याउभ्या रेघा पाडतात आणि त्यांवर सोन्याचा किंवा शिशाचा पातळ पत्रा ठोकून बसवतात. धातुकामात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हे काम अव्वल आहे, यात वादच नाही. पण फुलदाणीला रोज ओतावे लागत नाही, तिची मूठ कुणाला भाजत नाही, झाकण सैल झाले अशी तक्रार तिच्याबद्दल येत नाही. भांड्याचा वापर घडवणाऱ्याला जे शिकवतो ते परीक्षक शिकवू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: लेथवर दाबून काढलेले भांडे स्वस्त आणि एकसारखे असते, मग हातघडणीचा आग्रह कशाला? एकसारखेपणा हवा असेल तर यंत्रच घ्यावे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. हातोडीचा फायदा असा की कारागीर जाडी हवी तिथे ठेवतो: कडेला भक्कम, पोटाला हलकी. शुद्ध चांदी फार मऊ, अशी शंकाही घेतली जाते. तिचे उत्तर त्याच ठोक्यांत आहे; शेवटचा ताव दिल्यानंतर जे ठोके बसतात तेच भांड्याला ताठपणा देतात. आक्षेपांतला सर्वांत वजनदार आहे तो भावाचा. सरकारी दर्जा मिळाल्यावर वर्षभरातच, जानेवारी 1980 मध्ये, जगभर चांदी कडाडली. धातूच महाग झाला की घडणावळीसाठी गिऱ्हाईकाच्या खिशात थोडेच उरते, आणि कारागीर पेले, चमचे, दागिने अशा लहान कामांकडे वळतो. यात त्याचा दोष नाही. दोष मूल्यमापनाचा आहे: टांकसाळ टंच सांगते, सरकारी दर्जा पद्धत आणि प्रदेश सांगतो, प्रदर्शन कलावंत सांगते, रोजच्या किटलीची घडण चांगली की बेताची, हे सांगणारा शिक्का यांत एकही नाही.

म्हणून जपानी किटली घेणाऱ्याने तळ पाहण्याआधी झाकण काढावे, तोटीच्या मुळाशी आतून बोट फिरवावे आणि दुकानदाराला पाणी ओतून दाखवायला सांगावे.