पायोनियरचं कोडं: काखेत कळसा, विश्वाला वळसा

पायोनियर यानांची गोष्ट तुम्ही यूट्यूबवर ऐकली असेल, तर ती बहुधा दोनपैकी एका प्रकारे ऐकली असेल. एक: ‘आइन्स्टाइन चुकला!’ दोन: ‘एवढा गाजावाजा केला आणि निघालं काय, तर यानाची स्वतःचीच उष्णता.’ आमची तक्रार दोन्हींबद्दल आहे. दुसऱ्याबद्दल जरा जास्तच.

पायोनियर १० हे यान १९७२ मध्ये सुटलं, पायोनियर ११ त्याच्या पुढच्या वर्षी. १९८० च्या सुमारास जॉन अँडरसन यांच्या लक्षात आलं, की दूर जाणाऱ्या या यानांच्या रेडिओ संदेशांची डॉप्लर मापनं हिशेबाशी जुळत नाहीत. काहीतरी त्यांना सूर्याच्या दिशेने मागे ओढतंय. ओढ अगदी नगण्य: वर्षभरात वेगात जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर प्रतिसेकंद एवढा फरक. पण ती दोन्ही यानांवर होती आणि जात नव्हती.

१९९८ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी हे जाहीर केलं आणि स्पष्टीकरणांचा पाऊस पडला. इंधनवायूची गळती, धुळीचा अडथळा, कृष्णद्रव्य, गुरुत्वाकर्षणाचे नवे नियम. त्यात एक योगायोग फारच मोहक होता: प्रकाशाचा वेग आणि हबल स्थिरांक यांचा गुणाकार जवळपास तेवढाच येतो! म्हणजे विश्वाचं प्रसरणच यानांना जाणवतंय का? याला आपल्याकडे सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात. दोन आकडे जवळपास येणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि गुरुत्वाकर्षणच वेगळं वागत असतं, तर युरेनस आणि नेपच्यून यांच्या कक्षांतही ते दिसायला हवं होतं. ते दिसत नव्हतं.

मग उष्णतेचं काय? प्रकाशासारखंच उष्णतेचं प्रारणही बाहेर पडताना किंचित मागे ढकलतं. यानावर प्लुटोनियमवर चालणारे चार वीजजनित्रं होते, सुरुवातीला मिळून सुमारे अडीच हजार वॅट उष्णता देणारे. अँटेनाची मोठी तबकडी पृथ्वीकडे तोंड करून, बाकी यान तिच्या मागे. त्यामुळे सूर्याच्या उलट दिशेला थोडी जास्त उष्णता बाहेर पडते आणि यान सूर्याकडे ढकललं जातं. हिशेब करून बघा: यानाचं वस्तुमान सुमारे अडीचशे किलो धरलं, तर ६५ वॅटच्या आसपास उष्णता एकाच दिशेने गेली तरी पुरे.

ही शंका १९९९ मध्येच घेतली गेली होती. अडचण खरी होती: प्लुटोनियम क्षीण होत जातं, वीजही घटत जाते, तर ओढही घटायला हवी. पण तेव्हा तपासलेल्या सुमारे अकरा वर्षांच्या मापनांत ती स्थिर वाटत होती. आमच्या मते संपूर्ण प्रकरणाचा गाभा इथे आहे. ‘स्थिर आहे’ आणि ‘एवढ्या मापनांत घट दिसत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बरीचशी मोठी स्पष्टीकरणं पहिल्या वाक्यावर उभी होती, पुरावा मात्र फक्त दुसऱ्याचा होता.

निकाल लागला तो जुन्या फितींमुळे. स्लाव्हा तुरिशेव, व्हिक्टर टॉथ आणि इतरांनी आधीच्या दशकांतली मापनं शोधून, वाचता येतील अशी केली. २०११ मध्ये दिसलं, की ओढ काळानुसार घटते आहे, निदान स्थिर असण्यापेक्षा घटणं मापनांशी जास्त जुळतं. २०१२ मध्ये यानाचं तपशीलवार औष्णिक प्रतिरूप तयार झालं, यानाने स्वतः पाठवलेल्या तापमानाच्या नोंदींशी ताडून पाहिलेलं. अनिश्चितता धरली, तर समजावून सांगायला काही उरलं नाही. लिस्बन आणि ब्रेमेनच्या गटांनी वेगळ्या पद्धती वापरल्या, तरी तेही उष्णतेपाशीच पोचले.

म्हणून ‘शेवटी उष्णताच ना?’ हा सूर आम्हाला खटकतो. काखेत कळसा होता, मान्य. पण तो काखेतच आहे हे नुसतं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. उष्णतेचं स्पष्टीकरण जिंकलं ते साधं होतं म्हणून नव्हे. ‘ओढ कालांतराने घटेल’ असं ते आधीच सांगत होतं, म्हणजे खोटं ठरण्याची जोखीम त्याने घेतली होती. आणि ती जोखीम तपासता आली, कारण कुणीतरी ‘निरुपयोगी’ फिती फेकून दिल्या नव्हत्या.

तुमच्यापैकी कुणी प्रयोगशाळेत असाल, तर आज संध्याकाळी निघण्यापूर्वी एवढं करा: जुनी हार्ड डिस्क पुसण्याआधी एकदा थांबा.